अमेरिकेतील राजकीय ब्लॉगर : त्यांचा दबदबा नेमका आला कुठून?

निळी_शाई

कपाट आवरताना २००४-०५च्या सुमारास कापून ठेवलेली वर्तमानपत्रांची कात्रणे सापडली. अमेरिकेतील राजकीय ब्लॉगरांमुळे आता वर्तमानपत्रांचे आणि पक्षांचे दिवस भरले, असा त्या लेखांचा एकंदर सूर आहे. वीस वर्षांनंतर तो उत्साह गमतीचा वाटतो. पण तो ज्या घटनांवरून आला त्या घटना काही खोट्या नव्हत्या.

पहिली घटना डिसेंबर २००२ची. सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांच्या शंभराव्या वाढदिवसाच्या समारंभात, ५ डिसेंबरला, रिपब्लिकन पक्षाचे सिनेटमधील नेते ट्रेंट लॉट बोलून गेले, की १९४८ साली आमच्या मिसिसिपीने थरमंड यांना अध्यक्षपदासाठी मते दिली याचा आम्हाला अभिमान आहे आणि बाकीच्या देशानेही तेच केले असते तर पुढचे सगळे त्रास टळले असते. थरमंड १९४८ साली उभे राहिले होते ते वर्णविभाजन टिकवण्याच्या भूमिकेवर. समारंभाला पत्रकार हजर होते, सी-स्पॅन वाहिनीने भाषण दाखवलेही होते, तरी पहिले काही दिवस मोठ्या माध्यमांत जवळजवळ सामसूम होती. ‘टॉकिंग पॉइंट्स मेमो’ चालवणारे जॉश मार्शल आणि ‘एट्रिऑस’ या टोपणनावाने लिहिणारे ब्लॉगर मात्र विषय सोडेनात. २० डिसेंबरला लॉट यांनी नेतेपदावर पाणी सोडले.

दुसरी घटना ८ सप्टेंबर २००४ची. सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीच्या कार्यक्रमात वृत्तनिवेदक डॅन रादर यांनी अध्यक्ष बुश यांच्या नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलातील सेवेविषयीचे १९७२-७३ सालचे म्हणून काही कागद दाखवले. त्याच रात्री एका उजव्या विचाराच्या संकेतस्थळावर कोणीतरी त्या कागदांच्या टंकाविषयी (फॉन्टविषयी) शंका घेतली, दुसऱ्या दिवशी ‘पॉवर लाइन’ आणि ‘लिटल ग्रीन फुटबॉल्स’ या ब्लॉगांनी ती उचलली आणि २० सप्टेंबरला सीबीएसने, या कागदांच्या खरेपणाची हमी आपण देऊ शकत नाही, असे मान्य केले. मार्च २००५मध्ये रादर वृत्तनिवेदकाच्या खुर्चीवरून उठले.

माझे मत असे, की ब्लॉगरांची ताकद वाचकसंख्येत फारशी कधीच नव्हती. त्यांना रोज कोण वाचत होते, याला महत्त्व होते: वार्ताहर, संपादक, सिनेटरांच्या कचेऱ्यांतील तरुण सहायक. या लोकांच्या डोळ्यांसमोर एखादी गोष्ट दहा दिवस धरून ठेवली, की ती अकराव्या दिवशी बातमी होते. प्रश्न एवढाच, की याने राजकारण बदलले की केवळ संपादकांची झोप उडाली? अनुभव आणि मतभेद, दोन्हींचे स्वागत आहे.

रात्रपाळी

मी त्या काळात एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर होतो, त्यामुळे लॉट प्रकरणात वर्तमानपत्रे गप्प का राहिली, याचा अंदाज मी बांधू शकतो. वार्ताहरांना त्या वाक्याचा अर्थ कळला नाही, असे मला वाटत नाही. अडचण अशी असते, की पहिल्या रात्री बातमी लागली नाही तर दुसऱ्या दिवशी ती शिळी होते. पान लावताना कोणी ‘काल अमुक असे म्हणाले होते’ असे घेऊन आला, तर मुख्य उपसंपादकाचा पहिला प्रश्न ‘आज काय नवीन?’ हाच असतो. त्या वाक्यावर कोणी प्रतिक्रिया दिली, मोर्चा काढला, राजीनामा मागितला, तर बातमीला नवा टेकू मिळतो. वाक्य नुसतेच भयंकर असून भागत नाही.

ब्लॉगला पान नाही, आवृत्ती नाही आणि रात्रपाळीचा उपसंपादक तर नाहीच. मार्शल यांनी रोज एकेक जुनी नोंद काढून तो टेकू स्वतःच तयार केला. लॉट असेच काहीसे १९८० सालीही बोलले होते, हे बाहेर आल्यावर ‘तोल गेला’ हा खुलासा टिकेना. शिवाय अँड्र्यू सलिव्हन आणि ‘इन्स्टापंडिट’चे ग्लेन रेनॉल्ड्स यांच्यासारखे उजवीकडचे लेखकही लॉट यांच्यावर तुटून पडले. केवळ डाव्या ब्लॉगरांनी आरडाओरडा केला असता, तर लॉट यांच्या पक्षाने त्यांना सांभाळून घेतले असते, असे माझे मत आहे.

डोंगरवाट

जानेवारी १९९८मध्ये ‘न्यूजवीक’ने रोखून धरलेले क्लिंटन–लेविन्स्की प्रकरण मॅट ड्रज यांनी आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केले, ते या यादीत का नाही? तिथे ना चिकाटी होती ना अभ्यास. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलण्याचे धाडस होते आणि परिणाम या दोन्ही प्रकरणांपेक्षा मोठा झाला.

निळी_शाई

डोंगरवाट, आक्षेप रास्त आहे. ड्रज यांना मी ब्लॉगर धरत नाही, पण तो माझ्या सोयीचा भाग झाला. दार त्यांनीच उघडले, हे मान्य.

मुद्रितशोधक

तीस वर्षे अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनात गेली असल्यामुळे रादर प्रकरण मी त्या वेळी आमच्या छापखान्यात अक्षरशः भिंग लावून पाहिले होते. बहुतेकांना ते ‘खोटे कागद पकडले’ एवढेच आठवते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

साध्या टंकलेखन यंत्रात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. रोमन लिपीतील बारीक ‘आय’ला जेवढी, तेवढीच रुंद ‘एम’ला. त्या कागदांवर मात्र रुंद अक्षराला जास्त आणि बारीक अक्षराला कमी जागा होती. शिवाय एका आकड्याला जोडलेली ‘टीएच’ ही अक्षरे लहान होऊन वर चढलेली होती. पहिल्या शंकेखोरांनी १९७२ साली असे यंत्र असणेच शक्य नाही, असा धोशा लावला आणि इथे ते घसरले. आयबीएमची अशा प्रमाणबद्ध जागा सोडणारी यंत्रे त्याआधी कितीतरी वर्षे बाजारात होती. एखाद्या लष्करी कचेरीत असे महागडे यंत्र साध्या टिपणासाठी कोण वापरील, हा निराळा प्रश्न.

खरा घाव घातला तो ‘लिटल ग्रीन फुटबॉल्स’च्या चार्ल्स जॉन्सन यांनी. त्यांनी तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये, कोणतीही मांडणी न बदलता, नेहमीच्या टाइम्स न्यू रोमनमध्ये टाइप केला आणि सीबीएसच्या कागदावर ठेवून दोन्ही चित्रे आलटून पालटून लुकलुकतील अशी केली. ओळी त्याच ठिकाणी तुटत होत्या आणि शब्द शब्दावर बसत होता. त्यासाठी वाचकाला अक्षरजुळणीतले काही कळण्याची गरज नव्हती. डोळे असले की पुरे. मी ते चित्र आमच्या एका जुन्या जुळाऱ्यांना दाखवले, त्यांना इंग्रजी येत नव्हते, तरी ते लगेच म्हणाले, “हे दोन्ही एकाच मशीनचे.”

पुढे सीबीएसने नेमलेल्या समितीने कागद बनावटच आहेत असा अखेरचा निर्वाळा दिला नाही, हेही नोंदवायला हवे. खरेपणा तपासल्याशिवाय ते दाखवले, हा ठपका मात्र ठेवला आणि चार जणांच्या नोकऱ्या गेल्या.

आल्याचा_चहा

मुद्रितशोधक काका, दंडवत. आमच्याकडे एखादा ‘जुना’ दाखला श्रीलिपीत आहे की युनिकोडमध्ये, एवढे पाहणारा माणूस प्रत्येक तहसील कचेरीत बसवला तर अर्धी प्रकरणे तिथेच निकाली निघतील. पाकिस्तानात २०१७ साली कॅलिब्री टंकाने नवाझ शरीफ यांच्या कन्येचे कागद असेच अडचणीत आणले होते. कागदावरची तारीख फेब्रुवारी २००६ची आणि तो टंक सर्वसामान्यांच्या हाती आला २००७ साली.

पोटोमॅककाठ

मी व्हर्जिनियात राहते, म्हणून २००६च्या सिनेट निवडणुकीविषयी लिहिते. तिथे आमचा, म्हणजे इथल्या भारतीयांचा, थेट संबंध आला.

रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज ॲलन यांच्या सभांमागे विरोधी उमेदवार जिम वेब यांचा एक तरुण कार्यकर्ता कॅमेरा घेऊन फिरत असे. एस. आर. सिदार्थ हे त्याचे नाव, आईवडील भारतीय, स्वतः व्हर्जिनियातच जन्मलेला आणि वाढलेला. ११ ऑगस्टला, राज्याच्या अगदी नैर्ऋत्य टोकाला ब्रेक्स नावाच्या गावी, ॲलन यांनी त्याच्याकडे बोट दाखवून दोनदा ‘मकाका’ (माकडाची एक जात) असा शब्द वापरला आणि ‘अमेरिकेत स्वागत असो’ असे म्हटले. गर्दी हसली. ज्याच्याकडे बोट दाखवले त्याचाच कॅमेरा चालू होता.

आमच्या ओळखीतल्या अनेक मराठी घरांत त्याआधी राजकारण म्हणजे कर किती आणि व्हिसाचे नियम काय, एवढ्यापुरते होते. त्या वर्षी गणपतीच्या प्रसादाच्या रांगेतही हाच विषय होता, कारण ‘स्वागत असो’ हे वाक्य प्रत्येकाने आपापल्या मुलाच्या बाबतीत ऐकले. माझा मुलगा तेव्हा नववीत होता. त्याने मला विचारले, “तो इथलाच आहे, मग त्याचे स्वागत कशाला?” मला उत्तर सुचले नाही.

ॲलन नऊ-साडेनऊ हजार मतांनी हरले, एकूण मते तेवीस लाखांवर असताना. सिनेटमधील बहुमत त्या वेळी एका जागेवर फिरले, म्हणजे ती जागा किती मोलाची होती ते पाहा. पण याचे श्रेय केवळ ब्लॉगरांना देणे मला पटत नाही. चित्रफीत वेब यांच्या माणसांनी यूट्यूबवर टाकली, ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने बातमी केली, ब्लॉगरांनी ती निवडणुकीपर्यंत थंड होऊ दिली नाही. साखळीतील एक कडी काढली तर उरलेल्या दोन किती चालल्या असत्या, मला शंका आहे.

अडाणी_प्रश्न

सीबीएसचे एक माजी अधिकारी ब्लॉगरांना ‘दिवाणखान्यात पायजम्यात बसून लिहिणारे’ म्हणाले होते आणि ब्लॉगरांनी चिडण्याऐवजी आपल्या कंपनीचेच नाव ‘पजामाज मीडिया’ ठेवले, हे खरे ना? मराठीत आपण ब्लॉगला ‘अनुदिनी’ असा प्रतिशब्द काढला, त्यामुळे आमच्याकडे लिहिण्याआधीच अनुताप होतो. पायजमा बरा.

हिशेबनीस

सगळे चिकाटीचे कौतुक करत आहेत, म्हणून मी पैशांकडे वळतो.

२००४ साली साउथ डकोटामध्ये सिनेटमधील डेमोक्रॅटिक नेते टॉम डॅशल हे जॉन थून यांच्याकडून साडेचार हजार मतांनी हरले. त्या प्रचारकाळात दोन स्थानिक ब्लॉगर सतत डॅशल यांच्यावर आणि त्याहून अधिक तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रावर तुटून पडत होते, की हे पत्र डॅशल यांना झुकते माप देते. निवडणुकीनंतर प्रचारखर्चाच्या नोंदींकडे लक्ष गेले, तेव्हा दोघांनाही थून यांच्या प्रचाराकडून मोबदला मिळत होता असे उघड झाले. तेथील वार्ताहरांनी ते ब्लॉग ‘जनतेचा आवाज’ समजून वाचले असतील, तर निळी_शाई यांचा मुद्दा इथे उलटा लागू पडतो. संपादकाच्या डोळ्यांसमोर दहा दिवस एखादी गोष्ट धरून ठेवणारा हात भाड्याचाही असू शकतो.

दुसऱ्या बाजूला ‘डेली कोस’ या डाव्या ब्लॉगचे मार्कोस मुलित्सास यांनी २००३ साली, डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे हॉवर्ड डीन यांच्या प्रचारासाठी सल्लागार म्हणून पैसे घेतले, पण तसे आपल्या संकेतस्थळावर लिहून ठेवले होते. दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजता येणार नाहीत. माझ्या दृष्टीने स्वतंत्र ब्लॉगर म्हणजे पैसे न घेणारा नव्हे. कोणाकडून घेतले ते पहिल्याच ओळीत सांगणारा.

रात्रपाळी

हिशेबनीस, मुद्दा मान्य. पण त्यावरून छापील पत्रे धुतल्या तांदळासारखी ठरत नाहीत. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे मोजून छापलेल्या प्रचाराविषयी पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त जे लिहिले, ते वाचताना आम्हा डेस्कवाल्यांच्या माना खाली गेल्या होत्या. प्रेस कौन्सिललाही उपसमिती नेमावी लागली. मी जिथे होतो तिथे त्या महिन्यात ‘पॅकेज’ हा शब्द मोठ्याने उच्चारला जात नसे. मजकूर वेगळ्या लिफाफ्यात येई आणि त्यातला स्वल्पविरामसुद्धा बदलायचा नाही, अशी तोंडी सूचना असे. व्याकरणाच्या चुकांसकट छापले आहे. मुद्रितशोधक काका क्षमा करोत.

मुद्रितशोधक

क्षमा नाही.

चाकोरीबाहेर

मूळ प्रश्नाचे माझे उत्तर ‘राजकारण थोडे बदलले, पण जिथे मतदार थोडे तिथेच’ असे आहे.

हॉवर्ड डीन यांचे उदाहरण घ्या. २००३च्या उन्हाळ्यात ते आघाडीवर होते, त्यांच्या प्रचाराचा स्वतःचा ब्लॉग होता, छोट्या छोट्या देणग्यांतून त्यांनी एका तिमाहीत जवळपास दीड कोटी डॉलर उभे केले. १९ जानेवारी २००४ला आयोवा राज्यात पक्षाचा उमेदवार निवडायला प्रत्यक्ष मतदार जमले तेव्हा ते तिसरे आले. पडद्यावरची गर्दी आणि आयोवाच्या थंडीत संध्याकाळी घराबाहेर पडणारी गर्दी, या दोहोंत पुष्कळ अंतर होते.

आता कनेटिकट. इराक युद्धाचे समर्थन करणारे डेमोक्रॅटिक सिनेटर जो लीबरमन यांच्याविरुद्ध डाव्या ब्लॉगरांनी नेड लॅमाँट यांना उचलून धरले आणि ८ ऑगस्ट २००६ला पक्षांतर्गत निवडणुकीत लॅमाँट ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी जिंकले. सहा वर्षांपूर्वी उपाध्यक्षपदाचा उमेदवार असलेला माणूस स्वतःच्याच पक्षात हरला. नोव्हेंबरमध्ये तेच लीबरमन अपक्ष उभे राहिले आणि सुमारे दहा टक्क्यांच्या फरकाने निवडून आले. पक्षांतर्गत मतदानाला जे येतात ते राजकारणात मुरलेले, रोज वाचणारे लोक. तिथे ब्लॉगरांचे चालते. सगळे राज्य मतदानाला उतरले की त्यांचा आवाज त्यात विरून जातो. लॉट यांचेही तेच. नेतेपद गेले, सिनेटची जागा गेली नाही, आणि २००६च्या अखेरीस ते पक्षाचे प्रतोद म्हणून परत आले.

वाचनवेल्हाळ

चाकोरीबाहेर यांच्या मांडणीत एक मोठे प्रकरण बसत नाही, कारण त्यात निवडणूकच नव्हती.

डिसेंबर २००६मध्ये बुश सरकारने एका दिवशी सात संघीय सरकारी वकिलांना काढले. देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतील स्थानिक पत्रांत त्या सुट्या, छोट्या बातम्या होत्या. मार्शल आणि त्यांच्या चार-दोन सहकाऱ्यांनी त्या एकत्र मांडल्या आणि यामागे काही सूत्र आहे का, असे विचारायला सुरुवात केली. ‘टाइम’चे वॉशिंग्टन ब्युरोप्रमुख जे कार्नी यांनी यात कारस्थान वगैरे काही नाही असे लिहिले होते, मार्चमध्ये त्यांनीच मार्शल यांचे खरे होते अशी जाहीर कबुली दिली.

त्याच मार्चमध्ये न्याय खात्याने सुमारे तीन हजार पानांचे कागद रात्री उशिरा खुले केले. हा ढीग सकाळच्या आवृत्तीआधी एकट्यादुकट्या वार्ताहराला वाचणे शक्य नव्हते. मार्शल यांच्या संकेतस्थळाने वाचकांना हाक दिली, की संच वाटून घ्या आणि काय सापडले ते पान क्रमांकासह खाली लिहा. मी तेव्हा नागपुरात होते, माझी सकाळ होती. नोंदी एकामागून एक खाली उतरताना मी पाहत होते. कोणी पन्नास पाने वाचत होता, कोणी दोनशे. त्यातूनच एका वाचकाच्या लक्षात आले, की नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या अठराएक दिवसांचा पत्रव्यवहार जवळजवळ नाहीच. म्हणजे वकिलांना काढण्याआधीचे नेमके तेच दिवस! दुसऱ्या दिवशी तो प्रश्न वार्ताहर विचारू लागले. ऑगस्टमध्ये ॲटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस यांनी राजीनामा जाहीर केला आणि पुढच्या वर्षी मार्शल यांना या कामासाठी पत्रकारितेचा पोक पुरस्कार मिळाला.

असलेले कागद नीट वाचणे, एवढेच हे काम होते. ते मोठ्या वृत्तसंस्थांनी का केले नाही, याचे उत्तर रात्रपाळी यांनी द्यावे.

रात्रपाळी

उत्तर सोपे आणि लाजिरवाणे आहे. तीन हजार पाने वाचून ‘अठरा दिवस रिकामे आहेत’ एवढेच सापडले, तर त्या रात्री बातमी कोणत्या शीर्षकाने लावायची? नसलेल्या गोष्टीची बातमी करायला संपादकाचे काळीज लागते.

तरी एक टोचणारी गोष्ट सांगतो. तोपर्यंत मार्शल यांच्याकडे पगारी वार्ताहर होते. ते ब्लॉगर म्हणून जिंकले की एक छोटे, चांगले वर्तमानपत्र म्हणून जिंकले?

पोटोमॅककाठ

माझ्या मते तिथेच या सगळ्याचा शेवट झाला. ‘हफिंग्टन पोस्ट’ हे संकेतस्थळ २०११ साली एओएल या इंटरनेट कंपनीने ३१.५ कोटी डॉलरना घेतले. नेट सिल्व्हर यांचा आकडेमोडीचा ब्लॉग २०१०मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छत्राखाली गेला, पुढे ईएसपीएन आणि एबीसीकडे, आणि मार्च २०२५मध्ये एबीसीने तो बंदही केला. २००४च्या बॉस्टन अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने तीसेक ब्लॉगरांना प्रथमच अधिकृत पास दिले, तेव्हा आम्हाला तो विजय वाटला होता. आता वाटते, की गळ्यात पास पडला आणि आवाज बसला.

कायद्याचे_कलम

अमेरिकेत ब्लॉगरची सर्वांत मोठी भीती वाचक न मिळण्याची असते. इतरत्र ती तुरुंगाची असते, म्हणून दोन नोंदी करतो.

मार्च २००८मध्ये मलेशियात सत्ताधारी आघाडीने दोन तृतीयांश बहुमत गमावले आणि जेफ उई हे ब्लॉगर संसदेत निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘मलेशिया टुडे’ चालवणारे राजा पेत्रा यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली विनाचौकशी डांबण्यात आले. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यांची सुटका केली. प्रभाव आणि अटक यांच्यात सहा महिन्यांचे अंतर.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१२मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. त्यांतील एकीने तर ते लेखन केवळ पसंत केले होते. त्या प्रकरणाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ देशभर चर्चेत आले आणि २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. २०२३ साली सरकारविषयीचा मजकूर खोटा कोणता, हे सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरवायचे, अशी तरतूद नियमांत आली. विनोदकार कुणाल कामरा यांच्यासह काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले, दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि सप्टेंबर २०२४मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांच्या मतानंतर ती तरतूद रद्द ठरली. मुद्दा एवढाच, की ज्यांचा काहीच प्रभाव नाही त्यांच्यासाठी कोणी नियम करत बसत नाही.

मुक्काम_तालुका

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो आणि २०१६पासून तालुक्याच्या कारभारावर ब्लॉग लिहितो. माझ्याकडे अधिस्वीकृती पत्रिका नाही, त्यामुळे जिल्ह्याच्या पत्रकार परिषदेत आम्ही ‘पोर्टलवाले’ म्हणून मागच्या रांगेत, आणि चहा संपत आला की आमची पाळी.

२०१९च्या उन्हाळ्यात टँकरच्या खेपांच्या नोंदी मी माहितीच्या अधिकारात मागवल्या. एका टँकरने एका दिवसात अडतीस किलोमीटरवरच्या वस्तीला नऊ खेपा केल्याचे लिहिले होते. येऊनजाऊन शहात्तर किलोमीटर, विहिरीवर भरायला निदान अर्धा तास, आणि रस्ता असा की मोटारसायकलवरही कंबर मोडते. त्या वस्तीवरच्या एका आजींना मी विचारले, तर त्या म्हणाल्या, “लेकरा, दिवसाआड एक येतो, तो पण अर्धा.” मी नोंदीच्या पानाचे छायाचित्र आणि हा गुणाकार, एवढेच प्रसिद्ध केले. एकही विशेषण वापरले नाही.

त्या लेखाला दोनशे वाचकही लाभले नाहीत. पण निळी_शाई म्हणतात ते अगदी खरे आहे; त्या दोनशेंत तहसील कचेरीतले चौघे होते, आणि ते मला त्यांच्याच एका शिपायाकडून कळले. आठवड्याभरात त्या वस्तीला टँकर रोज यायला लागला. चौकशी वगैरे काही झाली नाही.

आता हिशेबनीस यांच्यासाठी पुढचा भाग. आम्ही काही मित्र मिळून दिवाळी अंक काढतो. त्या वर्षी एका स्थानिक पुढाऱ्याच्या माणसाने न मागता मलपृष्ठाची जाहिरात देऊ केली, नेहमीच्या दराच्या तिप्पट. टँकरचा शब्दही त्याने काढला नाही. “अंक चांगला निघतो तुमचा, साहेब वाचतात,” एवढेच म्हणाला.

हिशेबनीस

मुक्काम_तालुका, लेख उत्तम आणि गुणाकार त्याहून उत्तम. पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. जाहिरात घेतली का?

निळी_शाई

तोवर मूळ प्रश्नाकडे येतो. रात्रपाळी, मुद्रितशोधक आणि वाचनवेल्हाळ यांचे प्रतिसाद वाचून माझे मत थोडे सरकले आहे. राजकारण की माध्यमे, ही माझी विभागणीच चुकीची होती. लॉट, रादर, गोन्झालेस या तिन्ही प्रकरणांत मतदार कुठेच नव्हते. गेली ती पदे वरिष्ठांच्या मर्जीवर किंवा संस्थेच्या अब्रूवर टिकलेली होती. अशा पदांवरच्या माणसाला दोनशे वाचकही पुरेसे होतात, फक्त ते नेमके असावे लागतात. मतांवर निवडून आलेल्याला ते पुरत नाहीत, हे चाकोरीबाहेर यांच्या लॅमाँटवरून दिसते. ॲलन यांचे प्रकरण मात्र यात बसत नाही आणि मला ते बळेच बसवायचेही नाही. डोंगरवाट आणि हिशेबनीस यांच्या आक्षेपांना माझ्याकडे अजून उत्तर नाही.

डोंगरवाट

उत्तर नाही असे लिहिणारा धागाकर्ता मी इथे प्रथमच पाहिला. नोंद घेतली आहे.

मुक्काम_तालुका

हिशेबनीस, घेतली नाही. अंक त्या वर्षी सोळा पाने कमी निघाला आणि मलपृष्ठावर आम्ही एका मित्राने काढलेले बारवेचे छायाचित्र छापले. मात्र विचारलेत म्हणून सांगतो: टँकरच्या नोंदींचे अजून दोन महिने माझ्याकडे तसेच पडून आहेत. आधी पावसाळा आला म्हणून राहिले, मग निवडणूक लागली म्हणून राहिले. त्यावरचा लेख मी अजून लिहिलेला नाही.